दाखल्याच्या त्या अर्जावर मी सही करणार नाही : आमच्या शाळेच्या व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य आणि मुख्याध्यापिका बाई यांस,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आपण मला कार्यालयात बोलावून घेतलेत आणि एक छापील अर्ज माझ्यापुढे सरकवलात. ‘पालकांच्या विनंतीवरून शाळा सोडल्याचा दाखला देण्यात यावा’ असा त्यावरचा मजकूर होता. माझ्या मुलाचे नाव, इयत्ता सातवी, तुकडी, हजेरी क्रमांक हे सगळे कार्यालयाने आधीच भरून ठेवले होते आणि फक्त माझ्या सहीची जागा मोकळी सोडली होती. अशी कोणतीही विनंती मी केलेली नव्हती. ‘सही करून टाका, म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात आम्ही काही लिहिणार नाही’ असे मला सांगण्यात आले. तो अर्ज मी घरी आणला. तो माझ्या कपाटाच्या खणात सहीविनाच पडून आहे.

त्यानंतर मी आपल्याला दोन पत्रे दिली. दोन्हींची पोच माझ्याजवळ आहे, उत्तर मात्र एकाचेही आले नाही. म्हणून हे तिसरे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे. शाळेचे नाव मी येथे घेतलेले नाही, कारण असाच अर्ज पुढ्यात आलेल्या इतर शाळांतल्या दोन आयांशी माझी याच काळात भेट झाली आणि प्रश्न एका पाटीपुरता नाही हे मला कळून चुकले. माझ्या मुलाचे नावही मी लिहीत नाही. ते आपल्याला ठाऊक आहे.

आधी जे मी स्वतःहून सांगायला हवे ते सांगते. माझ्या मुलाने इतरांना त्रास दिला आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही. आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून तो खोटे बोलू लागला, सासूबाईंच्या बटव्यातून पैसे जाऊ लागले, सोसायटीत उभ्या असलेल्या एका गाडीची काच त्याने फोडली, आणि एकदा रात्री अकरापर्यंत घरी आला नाही, तेव्हा आम्ही दोघे अंबाझरी तलावाच्या बांधावर बॅटरी घेऊन त्याला शोधत होतो. पाचवीत असताना त्याने वर्गातल्या एका मुलाला जिन्यावरून ढकलले आणि त्या मुलाचा हात मोडला. त्या मुलाच्या आईला मी दवाखान्यात भेटले. त्या माउलीने मला एक शब्दही वावगा बोलून दाखवला नाही, आणि तिच्या त्या गप्प बसण्यानेच मी दुसऱ्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे नंबर लावला.

तेथे आम्हाला जे निदान मिळाले त्याचे नाव कंडक्ट डिसऑर्डर, मराठीत वर्तनविकार. व्रात्य मुलाला दिलेले हे भारदस्त नाव आहे असे मलाही प्रथम वाटले होते. तसे ते नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत त्यासाठी पंधरा लक्षणे दिलेली आहेत. माणसांवर किंवा प्राण्यांवर हात उचलणे, मालमत्तेची नासधूस, फसवणूक वा चोरी, आणि नियमांचे गंभीर उल्लंघन अशा चार गटांत ती मोडतात. त्यांतली किमान तीन लक्षणे गेल्या बारा महिन्यांत आणि किमान एक गेल्या सहा महिन्यांत दिसल्याशिवाय, आणि त्यामुळे मुलाचे घरातले वा शाळेतले जगणे खरोखर विस्कटल्याशिवाय, हे निदान करत नाहीत. जगातल्या २७ देशांमधील अभ्यास एकत्र करून २०१५ साली मांडलेला अंदाज असा की लहान आणि किशोरवयीन मुलांपैकी सुमारे २.१ टक्के मुलांना हा विकार असतो. आपल्या शाळेचा पट हजाराच्या वर आहे. म्हणजे माझा मुलगा आपल्याकडचा असा एकटाच विद्यार्थी असण्याची शक्यता फार कमी आहे. त्याचे निदान झाले आहे आणि ते मी स्वतः होऊन आपल्याला कळवले आहे, एवढाच काय तो फरक.

‘त्याचा मेंदूच तसा आहे, त्याला आपण काय करणार?’ हे वाक्य त्या दुपारी मंडळाच्या एका सदस्यांनी उच्चारले. हे पत्र मुख्यतः त्या वाक्याला उत्तर म्हणून आहे.

मेंदूत फरक असतो, हे खरे आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निरनिराळ्या ठिकाणच्या १५ संशोधनांतील ७ ते २१ वर्षे वयाच्या मुलांचे एमआरआय एकत्र तपासले गेले. त्यांतल्या १,१८५ जणांना वर्तनविकार होता आणि १,२५३ जणांना नव्हता. मेंदूच्या बाह्य आवरणाचे ३४ भाग मोजले तेव्हा विकार असलेल्या मुलांमध्ये २६ भागांचे पृष्ठफळ सरासरीने कमी भरले, आणि भीती व धोका ओळखणारा अमिग्डाला, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस, तसेच थॅलॅमस हे खोलवरचे भागही सरासरीने लहान आढळले. हे सगळे फरक हजारो मुलांच्या सरासरीतले आहेत. एका मुलाचा एमआरआय काढून ‘हा मुलगा सुधारणार नाही’ असे सांगू शकेल असा डॉक्टर जगात कोठेही नाही.

या मुलांचा मेंदूही एकाच साच्याचा नसतो. काही मुलांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भय सहजी जाणवत नाही आणि भेदरलेला चेहरा पाहताना त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद मंद असतो. काहींचे नेमके उलटे असते. त्यांचा अमिग्डाला साध्या गोष्टीलाही धोका समजून भडकतो, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ज्याचे काम थांबवण्याचे, तोलण्याचे, ‘जरा थांब’ म्हणण्याचे, तो वेळेवर पोहोचत नाही. माझा मुलगा या दुसऱ्या प्रकारात मोडतो असे आम्हाला सांगण्यात आले. वर्गात कोणी नुसते धक्का लागून पुढे गेले तरी त्याला तो वार वाटतो, आणि हात उगारून झाल्यावर त्याला कळते की उगारायला नको होता.

शिक्षेबद्दलही एक गोष्ट आपण शिक्षणक्षेत्रातली माणसे म्हणून जाणून घ्यावी अशी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जेम्स ब्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांना गुण मिळण्याचा आणि गुण जाण्याचा एक साधा खेळ खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले होते. आपण जे अपेक्षिले आणि जे प्रत्यक्ष घडले त्यांतली तफावत मेंदू नोंदवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून वागणे बदलतो, सर्व शिकण्याच्या मुळाशी हेच असते. या मुलांमध्ये ती नोंद क्षीण असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. त्यामुळे ज्या शिक्षेने दुसरे मूल एका फटक्यात शहाणे होते तीच शिक्षा दहा वेळा होऊनही या मुलाच्या पदरात काही पडत नाही, आणि आपण समजतो की तो निर्ढावला आहे. अशा मुलाला शिकायचे तर त्याच्या वागण्याचे फळ ताबडतोब, प्रत्येक वेळी सारखेच आणि पुन्हा पुन्हा मिळावे लागते. वर्तनोपचार म्हणजे या तीन गोष्टींची चिकाटीने केलेली व्यवस्था आहे.

ही व्यवस्था आमच्या घरी कशी आली ते थोडे सविस्तर सांगते, कारण ‘थेरपी’ म्हटले की मुलाला खोलीत बसवून उपदेश करतात अशी समजूत असते. पहिले दोन महिने उपचार माझ्यावर आणि माझ्या यजमानांवर झाले. ओरेगॉनमधील जेराल्ड पॅटरसन यांनी घरातल्या भांडणांचे अनेक वर्षे निरीक्षण करून दाखवून दिले की आईबाप ओरडतात, मूल त्याहून जोराने ओरडते, शेवटी आईबाप हार मानतात, आणि त्या क्षणी दोघेही चुकीचे शिकतात. मूल शिकते की आवाज चढवला की काम होते, आईबाप शिकतात की मागणी पुरवली की घरात शांतता होते. आमच्याकडे मोबाइलवरून रोज संध्याकाळी हेच चालायचे. आम्हाला शिकवले गेले ते असे : स्वयंपाकघरातून ओरडून सांगायचे नाही, जवळ जायचे, एकच गोष्ट एकदाच सांगायची, मनात पाच अंक मोजायचे, त्याने केले तर तिथल्या तिथे, काय चांगले केले ते नाव घेऊन सांगायचे आणि वहीत एक गुण मांडायचा, नाही केले तर आधी ठरलेली छोटी सवलत त्या दिवसापुरती काढून घ्यायची, व्याख्यान द्यायचे नाही. वाचायला हे सोपे वाटते. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी करून रात्री थकून आलेल्या बापाला आणि दिवसभर ऑफिसात हिशेब जुळवून आलेल्या आईला आवाज न चढवता ते वर्षभर करायचे असते.

घरात आजी होती. आम्ही गुण काढून घेतला की सासूबाई गुपचूप त्याच्या हातावर दहाची नोट ठेवायच्या, ‘लेकराचं तोंड उतरलं न वं’ म्हणून. एका आठवड्यात आमची सगळी घडी मोडली. मग समुपदेशक बाईंनी सासूबाईंनाच बोलावून घेतले आणि वहीचा हिशेब त्यांच्या हाती सोपवला. तेव्हापासून आमच्या घरात सासूबाईंइतका काटेकोर हिशेबनीस कोणी नाही. सगळ्या मोठ्या माणसांनी एकसारखे वागणे, हा या उपचाराचा कणा आहे, आणि तो सर्वांत आधी मोडतो.

नंतर मुलाचे स्वतःचे सत्र सुरू झाले. राग चढण्याच्या अगोदर अंगात काय होते ते ओळखणे, दुसऱ्याने मुद्दामच केले असेल का याचे दुसरे उत्तर शोधणे, जागा सोडणे. येल विद्यापीठातील अ‍ॅलन काझ्डिन यांनी पालकांचे प्रशिक्षण आणि मुलाला अडचण सोडवायला शिकवणे यांची जी सांगड घातली, तिच्याच वाटेने हे चालते.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला होता. तान्ह्या पोळ्यासाठी दोघे आपापला लाकडी बैल सजवत बसले होते आणि धाकट्याने ओढाओढीत माझ्या मुलाच्या बैलाचे शिंग मोडले. मी दारात उभी होते. माझ्या मुलाच्या हातात बॅट होती. ती त्याने खांद्याच्या वर उचलली, त्याची मान आणि कान लाल झाले, ओठ आत ओढले गेले. मी हाक मारली नाही, कारण मला तसे शिकवलेले होते. तीन-चार सेकंद गेली असतील. त्याने बॅट दिवाणावर टाकली, गॅलरीत गेला, कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, ‘मी गॅलरीत गेलो न, आई. लिही वहीत.’ सासूबाईंनी एकाऐवजी दोन गुण मांडले आणि कोणी हरकत घेतली नाही.

त्या तीन-चार सेकंदांत त्याच्या मेंदूत काय घडले ते मी पाहू शकत नाही. पण तसे मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. टोरांटोतील संशोधकांनी आक्रमक वागणाऱ्या मुलांना पालक-प्रशिक्षण आणि बोधात्मक वर्तनोपचार (विचार करण्याची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारा उपचार) असे दोन्ही देऊन, उपचाराच्या आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवल्या. स्वतःची कृती आवरताना मेंदूच्या पुढच्या भागात जी लहर उठते ती, ज्यांचे वर्तन सुधारले त्या मुलांमध्ये, उपचारानंतर उतरलेली दिसली. तेच आवरणे त्यांच्या मेंदूला आता कमी कष्टात जमू लागले, असा त्याचा अर्थ लावता येतो. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले. असे अभ्यास अजून मोजके आहेत आणि त्यांत भाग घेतलेली मुलेही मोजकीच आहेत, त्यामुळे ‘थेरपीने मेंदू दुरुस्त होतो’ असे मी म्हणणार नाही आणि आपणही कोणी म्हणाले तर मानू नये. परंतु प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते हे निर्विवाद आहे. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल ‘त्याचा मेंदूच तसा आहे’ असे म्हणणे म्हणजे आषाढात पेरलेल्या शेतात श्रावणात उभे राहून पीक बुडाले म्हणण्यासारखे आहे.

आता शाळेकडे वळते. मूल दिवसाचे सहा तास आपल्याकडे असते, आणि त्याला डिवचले जाण्याचे प्रसंग घरापेक्षा वर्गात अधिक येतात. म्हणून डॉक्टरांनी आपल्या नावे पत्र दिले, आणि मी ते ऑगस्टमध्ये स्वतः होऊन आपल्याकडे आणून दिले. त्यात एकच विनंती होती. एका छोट्या कार्डावर तीन ओळी असतील : हात न उचलणे, बाईंनी सांगितलेले पहिल्यांदा सांगताच करणे, राग आल्यास परवानगी घेऊन वर्गाबाहेर पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येणे. शाळा सुटताना वर्गशिक्षिकेने बरोबर किंवा फुली करायची, आणि त्यावर घरी गुण मिळणार. त्याच्या वर्गशिक्षिकेने हे काम ऑगस्टपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मनापासून केले. त्यांचे ऋण माझ्यावर आहे. या काळात त्याच्या मारामारीची एक नोंद आपल्या रजिस्टरमध्ये आहे. जानेवारीपासून मार्चपर्यंत अशा पाच नोंदी आहेत. मधल्या काळात काय बदलले, हा प्रश्न मंडळाने स्वतःला विचारला असता तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

मधल्या काळात जे घडले त्याबद्दल माझ्या तक्रारी अशा.

पहिली, दिवाळीनंतर ते कार्ड बंद करण्यात आले. ‘एका मुलासाठी शिक्षकांवर जादा काम नको’ हे कारण मला तोंडी सांगितले गेले. दिवसाकाठी एका मिनिटाचे ते काम होते. क्षयाची औषधे दोन महिन्यांनी बंद केली तर काय होते ते आपल्या शहरात कोणाला सांगावे लागत नाही.

दुसरी तक्रार मला सर्वांत जास्त जिव्हारी लागलेली आहे. डॉक्टरांचे ते पत्र गोपनीय होते. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात राहायला हवे होते. आठवड्याभरात फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांपैकी एकीने मला विकाराचे नाव घेऊन विचारले. मदत मिळावी म्हणून दिलेला कागद आपल्याकडे मुलाविरुद्धचा पुरावा ठरला, आणि एप्रिलमधल्या त्या बैठकीत आपण त्याच पत्राची प्रत माझ्यासमोर ठेवलीत. यापुढे या शहरातली कोणती आई आपल्या मुलाचे निदान शाळेला खरे सांगेल? लपवून ठेवलेला आजार वर्गातल्या इतर मुलांसाठी अधिक धोक्याचा असतो, याचा विचार कोणीच केला नाही.

तिसरी, जानेवारीत आपण निरनिराळ्या वर्गांतली ‘त्रासदायक’ आठ मुले निवडून त्यांची मागच्या इमारतीत वेगळी तुकडी केलीत. हेतू चांगला असेलही. परंतु थॉमस डिशिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ सालीच दाखवून दिले आहे की आक्रमक किशोरवयीन मुलांना एकत्र कोंबले की ती एकमेकांच्या वाईट वागण्याला हसून, टाळ्या देऊन खतपाणी घालतात आणि त्यांचे वागणे अधिक बिघडू शकते. माझा मुलगा त्या तुकडीतून पहिल्याच आठवड्यात तीन नव्या शिव्या आणि खिडकीची कडी न आवाज करता काढण्याची युक्ती शिकून आला.

चौथी, फेब्रुवारीच्या शेवटी त्याला दुपारी बारानंतर मैदानावर गुडघे टेकून उभे केले गेले. नागपूरचे ऊन त्या दिवसांत कसे असते ते आपल्याला मी सांगायला नको. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातलेली आहे. त्या दिवशी घरी येऊन त्याने वही उघडली नाही.

आणि पाचवी, हा अर्ज. त्याच अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ साली परीक्षा आणि त्याच वर्गात ठेवण्याबाबतच्या तरतुदी बदलल्या, काढून टाकण्यावरची बंदी मात्र तशीच राहिली. हे आपल्याला माहीत आहे, म्हणूनच ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द छापावे लागतात.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे मारबत या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी लहानपणापासून ऐकत आले आहे. रोगराई, पीडा, जे जे नको ते सगळे तिच्या माथी घालून आपण ती गावाबाहेर नेऊन जाळतो आणि मोकळ्या मनाने घरी येतो. त्या कार्यालयात अर्ज पुढ्यात असताना माझ्या कानात तीच आरोळी होती. पण मूल गावाबाहेर जात नाही. ते दोन चौक सोडून दुसऱ्या शाळेत जाते, किंवा कोणत्याच शाळेत न जाता त्याच चौकात उभे राहते, आणि आपल्या शाळेतली मुले त्याच चौकातून घरी जातात.

इतर पालकांची काळजी मला समजते. माझ्या मुलाशेजारी आपले मूल बसू नये असे ज्यांना वाटते त्यांच्यावर माझा राग नाही, कारण मोडलेला तो हात मी पाहिलेला आहे. त्यांच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीही मी हेच मागते आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ साली या विकाराबद्दल सविस्तर मार्गदर्शन दिले. लहान मुलांसाठी पालक-प्रशिक्षण, ९ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी त्यांचे स्वतःचे कौशल्य-प्रशिक्षण, आणि मोठ्या मुलांसाठी घर, शाळा, मित्र या सर्वांना सामील करून घेणारा उपचार, असा त्याचा गाभा आहे. औषधे नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत असेही त्यात म्हटलेले आहे. गोळी देऊन मूल शांत करून आणा, ही आपली डिसेंबरमधली सूचना मी का मानली नाही, ते यावरून लक्षात यावे.

पैसा आणि मनुष्यबळ नाही, असे उत्तर येईल हे मी धरून चालते. १९६९ साली अमेरिकेतील कॅन्ससमध्ये तीन संशोधकांनी एका वर्गात सुरू केलेला ‘गुड बिहेवियर गेम’ आपल्या शिक्षकांनी जरूर पाहावा. वर्गाचे दोन-तीन गट पाडायचे, नियम मोडला की त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण करायची, ज्यांच्या खुणा ठरलेल्या संख्येपेक्षा कमी त्या सगळ्या गटांना छोटेसे बक्षीस, म्हणजे पाच मिनिटे आधी मैदानावर सोडणे वगैरे. एवढाच तो खेळ. त्यासाठी फळा आणि खडू लागतो. १९८० च्या दशकात बाल्टिमोरच्या शाळांत पहिलीच्या वर्गांवर तो राबवला गेला आणि ती मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली, तेव्हा सुरुवातीला सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांना त्याचा सर्वांत अधिक लाभ झालेला दिसला. त्यात कोणाला वेगळे काढले जात नाही, कोणाचे निदान जाहीर होत नाही, आणि शांत मुलांनाही वर्ग सुखाचा होतो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

तो अर्ज आपण लेखी पत्राने मागे घ्यावा आणि माझ्या मुलाला आठवीत, सर्वसाधारण तुकडीत बसू द्यावे. दैनंदिन कार्ड शाळा उघडताच पुन्हा सुरू करावे आणि निदान पूर्ण शैक्षणिक वर्ष, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशी महिन्यातून एकदा फोनवर बोलून, चालू ठेवावे. मागच्या इमारतीतली वेगळी तुकडी बंद करावी. त्या इतर सात मुलांच्या आईबापांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही, पण त्यांतल्या एकाही मुलाची तज्ज्ञाकडून तपासणी झालेली नाही एवढे मला ठाऊक आहे. मुलांच्या आजाराची कागदपत्रे कोण पाहील आणि कोठे राहतील याचा लेखी नियम करावा. उन्हात उभे करणे, गुडघे टेकवणे या शिक्षा आजपासून थांबवाव्यात. शाळेला पूर्णवेळ समुपदेशक नेमावा, आणि ते होईपर्यंत टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा शासनाचा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गाच्या सूचनाफलकावर लावावा. पुढच्या पालकसभेत मला पंधरा मिनिटे द्यावीत. मी आमची वही घेऊन येईन. पहिल्या पानावर एका दिवसात सात फुल्या आहेत आणि गेल्या दिवाळीच्या आठवड्यात मिळून दोन. जानेवारीनंतरची पानेही मी दाखवीन, ती चांगली नाहीत.

जूनअखेरीस शाळा उघडेल. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली आहे. मुलाला घेऊन मी फाटकाशी साडेसहाला पोहोचेन आणि वर्गशिक्षिकेच्या हाती नवे कार्ड देईन. त्यावरच्या तीन ओळी या वेळी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या आहेत.

आपली,
आठवीत गेलेल्या एका विद्यार्थ्याची आई
नागपूर